गाडीला शेक

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आहे, गुंडाळलेल्या तारेच्या आकाराचा. अर्धी चावी फिरवली की तो पेटतो आणि तो विझेपर्यंत थांबायचं असतं, कारण तेवढ्या वेळात इंजिनातले हीटर तापतात आणि गार पडलेलं डिझेल पेट घ्यायला तयार होतं. हे मला बाबांनी शिकवलं. दिवा विझायच्या आत जो चावी फिरवतो तो ड्रायव्हर नव्हे, असं ते म्हणायचे. मी जात्याच उतावळी. चहाला उकळी येईपर्यंतही मला धीर धरवत नाही. त्यामुळे गाडी शिकताना सगळ्यात जास्त बोलणी मी या दिव्यावरून खाल्ली.

त्या हिवाळ्यात मात्र त्या दिव्याकडे मी जितकं टक लावून पाहिलं, तितकं देवाकडेही कधी पाहिलेलं नाही.

पनवेलला थंडी पडते म्हटलं की लोक हसतात. मी कामोठ्यात एका क्लासमध्ये गणित शिकवते, तिथली मुलं तर डिसेंबरातही पंखा चारवर ठेवून बसतात. पण आम्ही राहतो आपट्याला, आणि आपट्याला नदी आहे. पहाटे पाताळगंगेवरून धुकं उठतं आणि थेट दारात येऊन उभं राहतं. अंगणातल्या दोरीवरचे कपडे सकाळी संध्याकाळपेक्षा जास्त ओले असतात. माणूस गोधडी ओढून घेतो, पण वीस वर्षांच्या डिझेल गाडीला गोधडी कुठली घालणार?

बाबांनी त्या गाडीवर उमेदीची सगळी वर्षं घालवली. उलव्याला इमारती उठायला लागल्या तेव्हापासून दरवाजे, पाइप, टाइल्स, बेसिन, काय म्हणाल ते त्यांनी वाहून नेलं. “उलव्यातल्या निम्म्या संडासांची भांडी मी पोचवलीत,” असं ते पाहुण्यांपुढे अभिमानाने सांगायचे आणि आई कपाळाला हात लावायची. मग त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. भाडी बंद झाली. गाडी राहिली आणि ती चालवायला मी राहिले. आता तिच्यात एकच माल असायचा, तो म्हणजे बाबा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात वाजता, कामोठ्यात डायलिसिसला.

ही पाळी चुकवून चालत नाही. आदल्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आल्यामुळे एकदा चुकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाबांना आडवं होता येईना. अंगात साठलेलं पाणी छातीत चढलं होतं आणि ते खाटेच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, एकेक श्वास विहिरीतून ओढल्यासारखा ओढत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात एकच भीती घर करून राहिली, की एखाद्या पहाटे मी चावी फिरवीन आणि गाडी चालू होणार नाही.

नोव्हेंबर सरता सरता ती खरी व्हायला लागली. दिवा पेटायचा, विझायचा, मी चावी फिरवायची, आणि इंजिन नुसतं घरघरायचं. पांढरा धूर, एक-दोन ठोके, मग पुन्हा शांतता. प्रत्येक खेपेला बॅटरी थोडी जास्त थकल्यासारखी वाटायची. मागे बाबा कानटोपी घालून उभे असायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. 

मेकॅनिकने सांगितलं की चारपैकी दोन हीटर गेलेत. बदलायला हरकत नाही, पण जुने हीटर आत गंजून बसलेत, काढताना एखादा तुटला तर इंजिनचं हेड उतरवावं लागेल आणि मग गाडी पाच दिवस तरी उभी. आमच्या आठवड्यात सलग पाच दिवस नव्हतेच. पहाटे साडेपाचला आपट्यात रिक्षा मिळत नाही. मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी हायवेपर्यंत येते, आमचं ठिकाण बघते आणि परत फिरते. शेजाऱ्याकडे गाडी होती, त्याने दोनदा विचारलंही होतं. पण बाबांचं एकच. “जन्मभर लोकांचा माल मी पोचवला. आता मला कोनी पोचवायचा नाय.” बाबांचा हट्ट, आणि मीही त्यांचीच मुलगी. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. ती पहिली चूक.

उपाय काढला आईने.

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. आईची तयारी आधीपासूनच चालू होती. माळ्यावरची लोखंडी शेगडी तिने खाली काढली होती, घासूनपुसून तिला काळा रंग दिला होता. डोंगराकडच्या वाडीवरून कोळशाचं पोतंही आणून ठेवलं होतं. ही शेगडी आमच्या आजीची. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना शेक देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, दारंखिडक्या लावून घ्यायच्या, वारा म्हणून लागू द्यायचा नाही. आम्ही दोघी बहिणी त्याच शेगडीवर शेकलेल्या.

एका मंगळवारी गाडीने अर्धा तास घेतला. आम्ही पाळीला जेमतेम पोचलो. घरी परतल्यावर मी जेवताना रडले, तर आई म्हणाली, “गारठलीय ती. बाळंतीन कशी गारठते, तशी. तिला शेक द्या की.”

मी चिडून तिच्याकडे पाहिलं. पण बाबांचे डोळे चमकले. घाटात ट्रकवाले तेलाच्या टाकीखाली जाळ करून इंजिन तापवतात हे त्यांनी पाहिलं होतं. जाळापेक्षा निखारे बरे, ते म्हणाले, भडकत नाहीत.

आमचं घर आता स्लॅबचं आहे. खाली एक गाळा काढलेला, शटरचा. दुकानाला द्यायचा म्हणून बांधला, पण दुकान काही आलं नाही आणि त्यात पिकअप राहायला लागली. मागे भिंत, बाजूला भिंत आणि तिच्यात जिन्याकडचा लहान दरवाजा, खिडकी नाही, पुढे शटर. गुरुवारी पहाटे आईने शेगडी पेटवली, निखारे लाल झाले, धूर गेला, आणि मी ती चिमट्याने धरून इंजिनच्या खाली सरकवली. बाहेरून गार वारा येत होता, म्हणून शटर खाली ओढलं. शेक देताना दार लावतात, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

वीस मिनिटांनी गाडी पहिल्या चावीत चालू झाली. बाबांनी बॉनेटवर थाप मारली. आईने वरून विचारलं, “झाली का मोकली?” आणि आम्ही तिघंही हसलो. मला आठवतं, त्या दिवशी पळस्प्यापर्यंत मी गाणं गुणगुणत गाडी चालवली.

मग ती रीतच झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, शेगडी खाली, शटर बंद. डायलिसिसच्या माणसाला थंडी फार वाजते, रक्त कमी झालेलं असतं. बाबांना एक नवा शोध लागला. शेगडी खाली असली की गिअरच्या दांड्याभोवतालच्या रबरात जी फट होती, तिच्यातून वर छान ऊब यायची. मग ते आधीच केबिनमध्ये जाऊन बसायला लागले, पायांवर चादर घेऊन. “गाडीला शेक, गाडीबरोबर मला पन शेक,” म्हणायचे. मी काच पुसायची, निखाऱ्यांना वारा घालायची, शेगडी सरकवताना अंगाखाली घेतलेली चटई गुंडाळायची. दहा-पंधरा मिनिटं मीही आतच असायची.

या सुमाराला बाबांचं डोकं दुखायला लागलं. गाडीत मळमळायचं. कामोठ्याला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असायचा आणि चार तासांनी, मशीनवरून उतरल्यावर, बरं वाटायचं. मला त्यात नवल वाटलं नाही. अंगात घाण साठते, मशीन ती काढतं, मग बरं वाटतं. सगळं किडनीच्या खात्यावर टाकायची आम्हाला सवय लागली होती. खोकला आला की किडनी, झोप आली नाही की किडनी. आई तर एकदा दूध नासलं तेव्हा म्हणाली होती, “यालाबी किडनी झाली का?”

माझंही डोकं दुखायचं. पण मी नऊ वाजता त्रेपन्न मुलांना बीजगणित शिकवते. माझं डोकं दुखण्याला दुसरं कारण शोधायची मला गरज वाटली नाही.

तो शनिवार त्या वर्षातला सगळ्यात गार होता. धुक्यात समोरच्या घराचा दिवाही दिसत नव्हता. आदल्या गुरुवारी गाडीला तीन चाव्या लागल्या होत्या, त्यामुळे माझा धीर सुटला होता. शेगडी काठोकाठ भरली. शटरखालून वारा शिरत होता, म्हणून मी एक गोणपाट घेतलं आणि फटीत नीट खोचून दिलं. बाबा केबिनमध्ये बसले होते. मी त्यांच्या खांद्यांवरही चादर ओढली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मी लहान दरवाजातून जिन्यात गेले आणि तो दरवाजाही लावून घेतला.

वर बहिणीचा फोन आला होता. तिचे पाय सुजले होते म्हणून ती घाबरली होती. आई तिला समजावत होती आणि मधेच फोन माझ्याकडे देत होती. मी आंघोळ केली, फ्लास्क भरला, फाइल घेतली. नेहमी वीस मिनिटं जायची, त्या दिवशी पाऊण तास गेला.

खाली आले, दरवाजा उघडला, गाडीत बसले. गाळ्यात मऊ ऊब होती. दिवा पेटला, विझला, चावी फिरवली आणि इंजिन अर्ध्या ठोक्यात चालू झालं. इतकं गोड ते कधीच चालू झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी स्टिअरिंगवर हात आपटला.

“बघा बाबा. एका चावीत.”

ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा म्हणाले. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. मान छातीवर पडली होती आणि तोंडातून लाळ चादरीवर आली होती.

मी शटर कसं उघडलं ते मला आठवत नाही. माझ्या उजव्या हाताचं नख अर्धं निघालेलं मला दुपारी दिसलं. त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना ओढलं, ते माझ्या अंगावर आले आणि आम्ही दोघं अंगणातल्या ओल्या मातीत पडलो. ते मेले असं मला वाटलं. असं वाटलं असं नाही, मला खात्रीच होती. मी त्यांच्या तोंडावर मारत होते आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता. मग त्यांना उलटी झाली. उलटीचा इतका आनंद माणसाला होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

“काय झाला गं?” आईने वरून विचारलं. तिला धुक्यात काही दिसत नव्हतं.

“उलटी झाली बाबांना. किडनीची,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यांना अर्धवट शुद्ध होती. मी गाडी अंगणात काढून त्यांना पुन्हा तिच्यात बसवलं, दोन्ही काचा खाली केल्या, कारण त्यांना घाम फुटला होता. बेशुद्ध होऊ द्यायचं नाही एवढं कुठेतरी वाचलेलं होतं. काय बोलावं सुचेना. मग मी मला जे येतं ते केलं. पाढे विचारले. बाबा चौथी शिकलेले, पण त्यांचे पाढे पक्के. लहानपणी मला त्यांनीच तीसपर्यंतचे पाठ करून घेतले होते, अशाच गाडीत, अशाच रस्त्यावर.

“बाबा, सतरा साते?”

मी डाव्या हाताने त्यांचा खांदा हलवला.

“सतरा साते किती, बाबा?”

“…एकशे एकोनीस.”

“एकोणीस आठे?”

हायवेवर गार वारा तोंडावर सुईसारखा लागत होता, पुढे ट्रकचे लाल दिवे धुक्यात मधेच उगवत होते आणि मी ओरडून पाढे विचारत होते. कधी बरोबर यायचं, कधी चूक, कधी नुसतं हूं. एकोणतीस साते विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आई कुठाय?” त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. माझ्याकडून क्लच नीट दबत नव्हता.

हॉस्पिटलात नर्सने त्यांच्या बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. “ऑक्सिजन एकदम नॉर्मल आहे,” ती म्हणाली आणि मी भिंतीला टेकले. मग डॉक्टर आल्या. तरुण होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी बाबांना तपासलं, माझ्याकडे वळल्या.

“घरात बंद खोलीत काही पेटवता का? चूल, शेगडी, गॅसचा गिझर?”

“नाही,” मी म्हणाले.

मी खोटं बोलले. त्या क्षणी मला काही कळलं होतं म्हणून नव्हे. शेगडी हा शब्द ऐकताच माझ्या आत काहीतरी गार झालं आणि तोंडाने आपसूक नाही म्हटलं. खोलीत कुठे पेटवतो, गाळ्यात पेटवतो, असं मी मनात स्वतःला समजावलंही. मुलं गृहपाठ न करता जी कारणं देतात त्यांना मी हसते, पण माझं कारण त्यांच्याहून हलकं होतं.

डॉक्टरांनी दुसराच प्रश्न विचारला. “तुमचं डोकं दुखतंय का?”

“हो.”

“रोज?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. रोज नाही. सोमवारी नाही. बुधवारी नाही. रविवारी तर मी ठणठणीत असते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आणि माझ्या किडन्या चांगल्या आहेत.

एवढं साधं गणित. महिनाभर ते माझ्या डोळ्यांसमोर मांडलेलं होतं.

मी सगळं सांगितलं. शेगडी, शटर, गोणपाट, गिअरची फट.  डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं आणि बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क बांधला. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, धूर नसतो, आणि बोटावरच्या यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो, हे त्यांनी मला समजावलं. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि खूप वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. गोणपाट याच हातांनी खोचलं होतं.

मास्क लावूनच त्यांची डायलिसिसची पाळी झाली आणि संध्याकाळी बाबा पूर्ण शुद्धीवर आले. मी त्यांना सांगितलं. 

“आमच्या जुन्या घरात असा काय नाय व्हायचा,” ते म्हणाले. “तिथं कौलं व्हती. कुडाच्या भिंती. शंभर फटी. दार लावलं काय नि नाय लावलं काय.” मग म्हणाले, “तुज्या आईला सांगू नको. शेगडी तिची हाय. तिच्या जिवाला लागंल. आनि आता पोरगी पन आठव्यात हाय.”

“मग काय सांगू?”

“सांग, किडनीचा व्हता.”

मला बरं वाटलं, हे मला इथे कबूल करायला हवं. आईची काळजी होतीच. पण आईला सांगायचं म्हणजे गोणपाटाचंही सांगायचं, आणि ते न सांगण्याची मला परवानगी मिळाली होती.

नंतरच्या गोष्टी सोप्या झाल्या, इतक्या की राग यावा. मी शेजाऱ्याच्या दारात गेले. माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत तो गाडीची चावी घेऊन आला. पाच दिवस त्याने आम्हाला नेलं-आणलं आणि बाबा मागच्या सीटवर मानाने बसले. हेड उतरलं, हीटर बदलले, पिकअप अंगणात उघड्यावर उभी राहायला लागली. दिवा विझला की एका चावीत चालू. ती तापेपर्यंत बाबा ओट्यावर शाल घेऊन बसायचे आणि मी केबिनमधून पाढे विचारायची. ते वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. एकदा मुद्दाम गप्प राहिले. मी गाडीतून उडी मारून धावले, तर म्हणाले, “येतेस का ते बगत व्हतो.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गाडी एका चावीत चालू झाली की मी अजूनही आधी बाबांकडे वळून बघते.

आई मात्र मधूनमधून विचारायची, “गाडीला शेक नाय देत आता?” बाबा म्हणायचे, “झाला तिचा सवा महिन्याचा न्हान.” ती हसायची. आम्ही दोघं हसल्यासारखं करायचो. शेगडी पुन्हा पुसून तिने जिन्याखाली ठेवून दिली होती. येताजाता ती मला दिसायची. ती तिथे कशासाठी ठेवली आहे हे मला माहीत होतं. बहीण यायच्या आधी आईला सांगायचं मी रोज ठरवत होते. पुढच्या आठवड्यात सांगू, मी बाबांना म्हणायची, आणि ते म्हणायचे, हो, पुढच्या आठवड्यात. बाळंतपणाला अजून अवकाश होता.

बाळंतपण पंधरा दिवस आधी झालं. मुलगी झाली. चौथ्या दिवशी दुपारी मायलेकींना घरी सोडलं, तेव्हा मी क्लासमध्ये होते. बाबा जाऊन बहिणीला घेऊन आले शेजाऱ्याच्या गाडीतून. त्या घरी पोचल्याचा मला फोन आला तेव्हा मी फळ्यावर एक उदाहरण अर्धं सोडून निघाले. मुलांना काय सांगितलं ते आठवत नाही. पळस्प्याला ट्रॅफिक होता. मी आईला फोन लावत होते, पण घरात बाळंतीण आली म्हणून आईने स्वतःचा आणि बहिणीचा, दोन्ही फोन दूर ठेवून दिले होते. बाबांचा लागला, पण ते औषधं आणायला रसायनीला गेले होते.

“बाबा, शेगडी,” मी म्हणाले.

पलीकडे ते रस्त्यावरच्या कोणाला तरी हाक मारताना ऐकू आले. मग फोन बंद झाला.

मी घरी पोचले तेव्हा जिन्याखालची जागा रिकामी होती. वर आतल्या लहान खोलीचं दार लावलेलं होतं. खालच्या फटीत आईने जुनं लुगडं खोचलं होतं, नीट, घडी करून. मी जसं गोणपाट खोचलं होतं तसंच.

मी दार ढकललं. खोलीत ओव्याचा वास होता आणि मऊ ऊब होती. ती ऊब मी ओळखली. सरकत्या खिडकीच्या काचेला कागद चिकटवलेले. बहीण खाटेवर उशीला टेकून बसली होती, गुलाबी गालांची. मला वाटलं, किती छान दिसतेय, आणि लगेच आठवलं, त्या वायूने गाल असेच गुलाबी होतात असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

“ताई, आलीस,” ती म्हणाली. “बाळ बघ ना कसं शांत झोपलंय. माझं डोकं मात्र जाम दुखतंय.”

“बाळंतिनीचा दुखतोच,” आई म्हणाली. ती खाटेच्या पायथ्याशी बसून निखाऱ्यांवर ओवा टाकत होती. “दार लाव आधी, वारा येतोय.”

मी बाळ उचललं. तिचं डोकं माझ्या हातावर सैल कललं. मी तिला घेऊन धावत जिना उतरून ओट्यावर आले, मागून आई ओरडत आली, वारा लागंल, टाळू भरायची हाय, डोका फिरला का तुजा. मी बाळाच्या तळव्याला टिचक्या मारत होते. एक, दोन, तीन. चौथ्याला तिने तोंड वाकडं केलं आणि रडली. बारीक, चिडकं, रागाचं रडणं. मग बाळाला छातीशी धरूनच मी वर गेले आणि बहिणीला हाताला धरून खाली आणलं.

ओट्यावर, चौघी बाहेर उन्हात उभ्या असताना, मी आईला सांगितलं. त्या शनिवारी बाबांना किडनीमुळे झालं नव्हतं. सगळं सांगितलं, गोणपाटासकट. तेवढ्यात बाबा आले, मोटारसायकलवर कोणाच्या तरी मागे बसून, धापा टाकत. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती रडली नाही. वर गेली, कपड्याने धरून शेगडी उचलून आणली आणि अंगणात ठेवली. हंड्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. मोठा चर्र आवाज झाला आणि वाफेने तिचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला.

मग ती म्हणाली, अगदी हळू, “आनि या पोरीला काय झाला असता, तर मना काय सांगनार व्हते तुमी दोघा? किडनी?”

बाबा ओट्याच्या पायरीवर बसले. मी बाळाला छातीशी धरून उभी होते. ती अजून रडत होती आणि तिला कोणीही गप्प करत नव्हतं.